प्राथमिकच्या विज्ञानाच्या तासाला शास्त्रज्ञ बोलवायचे आहेत : तयारी नेमकी काय करावी?

तासिका

मुलं सात ते नऊ वर्षांची, पट ३०, तास ४० मिनिटांचा. आधी सांगून ठेवलं तर जोडतास मिळू शकतो. वर्षभरात तीन पाहुणे येणार आहेत : एक वनस्पतिशास्त्रज्ञ, एक भूशास्त्रज्ञ, एक रसायनशास्त्रज्ञ. तिघांचाही पहिला प्रश्न एकच आला, "प्रोजेक्टर आहे ना?" तिथेच पाल चुकचुकली.

पाहुण्यांना आधी काय कळवायचं, वेळ कसा वाटायचा, या वयात कोणते प्रयोग खरोखर जमतात आणि कुठे फसतात, हे जाणकारांनी सांगावं. "मुलांना प्रेरणा मिळेल" वगैरे माहीत आहे, ते नको. प्रमाणं आणि खाचाखोचा हव्यात.

टिपकागद

तासिकाताई, प्रोजेक्टर नाही म्हणून सांगून टाका. असला तरी.

पाहुण्यांना भाषण करायला बोलवण्यापेक्षा मुलांनी आधीच केलेलं काम बघायला बोलवा. शास्त्रज्ञाची खरी कारागिरी दुसऱ्याची नोंदवही वाचताना दिसते. "हा आकडा असा का आला?" हा त्यांचा रोजचा प्रश्न. तो मुलांच्याच आकड्यांवर विचारला गेला तर त्या तासाला अर्थ येतो. नाहीतर पाहुणे येतात, छान बोलतात, टाळ्या होतात, आणि दुसऱ्या दिवशी मुलांना त्यांच्या गाडीचा रंग तेवढा आठवतो.

वनस्पतिशास्त्रज्ञासाठी एक साधी मांडणी. पाहुणे यायच्या दहा दिवस आधी सुरू करा. पाच-पाच मुलांचे सहा गट, प्रत्येक गटाला तीन बश्या, प्रत्येक बशीत घेवड्याच्या १० बिया. म्हणजे एकूण १८० बिया, १० टक्के जास्तीच्या ठेवा. पहिल्या बशीत कोरडा कागदी रुमाल, दुसऱ्या बशीत ओला करून पिळलेला, तिसऱ्या बशीत बिया पूर्ण बुडतील एवढं पाणी. रोज ठरलेल्या वेळी मोजायचं आणि तक्त्यात लिहायचं.

मोजण्याआधी एक गोष्ट ठरवून फळ्यावर लिहा : "रुजली" म्हणजे काय? साल फाटली की रुजली, की मूळ २ मिलिमीटर बाहेर आलं की रुजली? हे ठरवलं नाही तर सहा गटांचे सहा अर्थ होतात. (एका परीने ते मुद्दाम न ठरवता सोडणंही चांगलं. पाहुण्यांनी येऊन तो घोळ पकडला तर धडा पक्का बसतो. पण मग पाहुण्यांना आधी सांगून ठेवा.)

बहुतेक मुलांचा अंदाज असतो की सगळ्यात जास्त पाणी तिथे सगळ्यात जास्त कोंब. होतं उलटं. बुडालेल्या बिया फुगतात, पण पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन पुरत नाही, बी गुदमरतं आणि चार-पाच दिवसांत कुजून वास मारायला लागतं. ओलसर कागदावरचं बी चार ते सात दिवसांत मूळ काढतं.

कुठे फसतं? एक, शनिवार-रविवारी ओलसर कागद सुकतो. बशीवर उलटी बशी झाका, घट्ट प्लास्टिक नको. दोन, पेरणीसाठी विकल्या जाणाऱ्या रंगीत लेपाच्या बिया आणल्या जातात. त्या लेपात बुरशीनाशक असतं, मुलांच्या हातात त्या अजिबात नकोत. तीन, जुन्या बिया. आधी २० बिया स्वतः रुजवून बघा. १५च्या खाली रुजल्या तर दुसऱ्या आणा. शिवाय कच्चा घेवडा पोटाला बाधतो, तेव्हा तोंडात घालायचा नाही हे पहिल्याच दिवशी बजावा.

पाहुणे आले की मोठा तक्ता फळ्यावर : सहा गट, तीन बश्या. कुठल्याही गटाचे आकडे दुसऱ्यासारखे नसतात. एकाकडे १० पैकी ९, दुसऱ्याकडे ५. तिथून पाहुण्यांनी सुरुवात करायची. बशी खिडकीत होती का? पाणी कोणी घातलं? मोजायला रोज तोच होता का? मग सगळ्यांची बेरीज करून ६० पैकी किती ते बघायचं आणि विचारायचं, १० बियांवर विश्वास ठेवावा की ६० बियांवर? नऊ वर्षांच्या मुलाला नमुन्याचा आकार याहून सोप्या रीतीने समजावता येत नाही.

परीक्षानळी

टिपकागद यांच्याशी सहमत. पत्राबद्दल मी लिहिते.

पाहुण्यांना एकच पान पाठवा, तीन आठवडे आधी. दोन पानं कोणी वाचत नाही. त्यात मुलांचं वय आणि संख्या, या विषयात आतापर्यंत काय शिकून झालंय (पाठाचं नाव नको, दोन ओळींत मजकूर सांगा), ऐकायचा वेळ सलग सात-आठ मिनिटांपेक्षा जास्त नाही, नवे शब्द जास्तीत जास्त तीन. वर्गात पाण्याचा नळ आहे का, वीजजोडण्या किती, बाकं हलतात का. कोणाला कशाची अॅलर्जी आहे तेही लिहा, पण मुलाचं नाव न घालता : "वर्गात शेंगदाणे आणि रबरी फुगे चालणार नाहीत." लॅटेक्सची (फुग्याच्या रबराची) अॅलर्जी पाहुण्यांच्या डोक्यात येतच नाही आणि फुगा तर प्रत्येक दुसऱ्या प्रयोगात असतो.

मग आठवडाभर आधी फोनवर १५ मिनिटं. त्यात एकच मागणी करा : "तुम्ही रोज काय करता ते मला नऊ वर्षांची समजून दोन मिनिटांत सांगा." जिथे शब्द अडेल तिथे तुम्हीच पर्याय सुचवा. "मी प्रथिनांच्या अभिव्यक्तीवर काम करतो" हे वर्गात चालणार नाही, हे त्यांना फोनवर कळलेलं बरं.

४० मिनिटांचा हिशोब : ओळख दोन मिनिटं (पदव्यांची यादी वाचू नका), पाहुणे एखादी वस्तू दाखवत बोलणार सात मिनिटं, साहित्य वाटायला चार, हाताने काम १३, आवरायला चार, प्रश्न १०. आवराआवरीचे चार लोक हमखास विसरतात आणि ते प्रश्नांच्या वेळातून जातात. काम १५ मिनिटांच्या वर न्यायचं असेल तर जोडतासच घ्या.

आणखी एक, थोडं नाजूक. पाहुणे प्रश्न विचारतात आणि स्वतःच उत्तर देतात, शांतता त्यांना सोसत नाही. आपणही तेच करतो म्हणा. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गांतली ध्वनिमुद्रणं तपासली तेव्हा शिक्षक प्रश्न विचारल्यावर सरासरी एक सेकंद थांबतात असं दिसलं. ती थांबण्याची वेळ तीन सेकंदांवर नेली की उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलतात, एरवी गप्प असणारीही. पाहुण्यांना सांगा, प्रश्न विचारून मनात एक-दोन-तीन मोजा. आणि "छान! बरोबर!" लगेच नको, त्याने बाकीच्यांचं डोकं चालणं बंद होतं.

भिंगवाला

सूक्ष्मदर्शक आणतो म्हणाले तर हरखून जाऊ नका, आधी भागाकार करा. एक यंत्र, ३० मुलं, प्रत्येकी ४० सेकंद : झाली २० मिनिटं. त्यात दर क्षणी २९ मुलं रिकामी. रिकामी २९ मुलं काय करतात ते या धाग्यावर सांगायला नको.

दोन उपाय. एक, तीन ठिकाणं करा : सूक्ष्मदर्शक, हातभिंग आणि चित्र काढायची जागा. दहा-दहा मुलं, आठ-आठ मिनिटं. सूक्ष्मदर्शकापाशी प्रत्येकाला ४५ सेकंद मिळतात. दोन, मोबाइलचा कॅमेरा नेत्रिकेवर (डोळा लावायच्या भिंगावर) धरून पडद्यावर दाखवणं. हाताने धरला तर चित्र पळतं. पुठ्ठ्याची नळी करून फोन टेकवा आणि नेत्रिकेपासून एक-दीड सेंटिमीटरवर मागेपुढे करत स्वच्छ गोल मिळेपर्यंत जुळवा. तरी स्वतः डोळा लावण्याची मजा पडद्यात नाही, म्हणून पहिला उपाय मला जास्त आवडतो.

कांद्याचं साल लावणार असाल तर आतल्या पापुद्र्याचा ५ मिलिमीटरचा चौकोन पुरे, मोठा तुकडा घडी पडतोच. पाण्याचा एक थेंब, आयोडिनचा एक थेंब, वर झाकायची पातळ काचपट्टी तिरकी धरून हळूच सोडा. सरळ टाकली की हवेचे बुडबुडे अडकतात आणि मुलं नेमके बुडबुडेच काढतात, कारण ते गोल आणि ठळक काळ्या काठाचे दिसतात. पेशी म्हणजे विटांसारखे लांबट खण, हे आधी सांगू नका, पण बुडबुडा कसा दिसतो ते मात्र दाखवून ठेवा. सगळ्यात कमी शक्तीच्या भिंगानेच बघायचं. एक डोळा मिटायला लहान मुलांना जमत नाही, चेहरा वेडावाकडा होतो आणि दुसराही मिटतो. मिटायच्या डोळ्यावर पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा धरायला द्या.

प्रत्येकाच्या कागदावर आधीच ८ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ छापलेलं असावं. "दिसलं ते वर्तुळात काढ." वर्तुळ नसेल तर पाठ्यपुस्तकातली पेशी उतरते.

कोणी तरी फोल्डस्कोप सुचवेलच. मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांचं स्टॅनफर्डमधलं काम, २०१४चा शोधनिबंध, कागद दुमडून केलेला आणि १४० पट मोठं दाखवणारा सूक्ष्मदर्शक. उत्तम वस्तू आहे. पण फोकस साधायला लहान हातांना सराव लागतो. पाहुण्यांच्या तासाला पहिल्यांदा उघडू नका, आधी दोन तास त्यावर घालवा.

चौकस

पांढरा कोट घालून यायला सांगावं की नको? मुलांना "शास्त्रज्ञ आले" असं वाटायला मदत होते.

परीक्षानळी

नको. रोज जे घालतात ते घालून येऊ दे. भूशास्त्रज्ञ बूट आणि टोपी घालून आले तर आणखी चांगलं.

डेव्हिड वेड चेंबर्स यांनी १९८३मध्ये "शास्त्रज्ञाचं चित्र काढा" या चाचणीचे निष्कर्ष छापले. ४,८०७ मुलांची चित्रं, त्यात स्त्री शास्त्रज्ञ २८, आणि त्या २८ही मुलींनीच काढलेल्या. कोट, चष्मा, दाढी, नळ्या-चंबू ही ठरीव चिन्हं दुसरी-तिसरीच्या वयात चित्रांत शिरायला लागतात. म्हणजे नेमकी तुमच्या वर्गाची मुलं. तिघांपैकी किमान एक बाई असाव्यात आणि किमान एकाचं काम प्रयोगशाळेबाहेरचं असावं, हे निवडीच्या वेळीच बघा.

ही चाचणी तुमच्या वर्गातही घेता येईल. कोरा कागद, १५ मिनिटं, एकच वाक्य : "काम करणाऱ्या शास्त्रज्ञाचं चित्र काढ." मराठीची एक गंमत लक्षात ठेवा. "काम करणारा शास्त्रज्ञ" म्हटलंत की पुरुष सांगूनच टाकलात. "करणाऱ्या शास्त्रज्ञाचं" यात बाईही बसते आणि बुवाही. दुसऱ्यांदा काढून घ्यायचं ते भेटीनंतर किमान दोन-तीन आठवड्यांनी. लगेच घेतलंत तर ३० जणं त्याच पाहुण्यांचं चित्र काढतील आणि आपली उगाच समजूत होईल की मत बदललं.

दगडधोंडे

भूशास्त्रज्ञाच्या तासाबद्दल. त्यांच्याकडे सुंदर नमुने असतात आणि ते पेटीतून काढून "हा बघा" करतात. तसं नको. सहा गटांना सहा एकसारख्या पिशव्या हव्यात. प्रत्येकीत पाच दगड : प्युमिस (ज्वालामुखीचा हलका, सच्छिद्र दगड), ग्रॅनाइट, चुनखडी, वाळूचा खडक आणि स्वच्छ क्वार्ट्झ. आकार लिंबाएवढा, त्याहून लहान नको. क्रमांक रंगाने घाला, कागदी चिकटपट्ट्या ओल्या झाल्या की सुटतात आणि मग कुठला कोणता ते पाहुण्यांनाही सांगता येत नाही.

हत्यारं : दसपट भिंग, लोखंडी खिळा, दोऱ्याला बांधलेलं चुंबक, व्हिनेगरचा ड्रॉपर, पाण्याचा वाडगा. काचेच्या पट्टीवर ओरखडे काढायची रीत मोठ्यांसाठी ठीक आहे, इथे नको.

खिळ्याने क्वार्ट्झवर घासलं की करडी रेघ उमटते आणि मुलं लिहितात "ओरखडा पडला". बोट ओलं करून पुसायला सांगा. रेघ पुसली गेली तर तो खिळ्याचा धातू दगडावर लागलाय, म्हणजे दगड खिळ्यापेक्षा कठीण. कठीणपणाच्या मोहज मापावर (१ सगळ्यात मऊ, १० सगळ्यात कठीण) क्वार्ट्झ ७, साधा खिळा ५च्या आसपास, चुनखडीतलं कॅल्साइट ३. ही "पुसून बघ" पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते आणि अख्खा तक्ता चुकतो.

व्हिनेगर चुनखडीवर सौम्यच लागू पडतं. नुसता थेंब टाकून "काही झालं नाही" असं होऊ शकतं. आधी खिळ्याने खरवडून थोडी भुकटी करा, तिच्यावर थेंब टाका आणि भिंगातून बघा, बारीक बुडबुडे दिसतात. विरल हायड्रोक्लोरिक आम्ल पाहुण्यांनी आणलं तर बाटली त्यांच्याच हातात राहील आणि डोळ्यांवर गॉगल असेल. हातोडा वर्गात चालवायचा नाही, कपच्या डोळ्यात जातात.

प्युमिस पाण्यावर तरंगतो तेव्हा वर्ग ओरडतो. पण आदल्या दिवशी भिजलेला असेल तर छिद्रांत पाणी भरलेलं असतं आणि तो बुडू शकतो. दोन दिवस आधी उन्हात वाळवा.

धडाका

सगळं खरं, पण थोडा धूर-धडाका हवाच ना? सुका बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड), द्रवरूप नायट्रोजन. मुलं वर्षभर लक्षात ठेवतात.

परीक्षानळी

काय लक्षात ठेवतात? धूर. तो कशाचा, हे शंभरात पाचांना सांगता येत नाही. तो कार्बन डायऑक्साइड नव्हे, गारठलेल्या हवेतली पाण्याची वाफ थिजून झालेलं धुकं असतं.

आता आकडे. सुका बर्फ उणे ७८.५ अंश सेल्सियसचा. एक किलोपासून साधारण ५४० लिटर वायू होतो. ७ × ६ × ३ मीटरची खोली म्हणजे १२६ घनमीटर, त्यात एक किलो पूर्ण उडाला तर हा वायू खोलीतल्या हवेच्या सुमारे ०.४३ टक्के. आठ तासांच्या कामासाठी कारखान्यांत वापरली जाणारी प्रचलित मर्यादा ०.५ टक्के आहे. शिवाय हा वायू हवेपेक्षा जड, आणि मुलं खाली जमिनीवर बसलेली. म्हणजे आणायचाच तर पाव किलो, खिडक्या उघड्या, टेबलावर नव्हे तर दाराजवळ, चिमट्याने. झाकण लावलेल्या बाटलीत कधीही नाही, बाटली फुटते.

द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंश, एक लिटरचा जवळपास ७०० लिटर वायू. मोकळ्या मैदानात, मुलं चार-पाच मीटर दूर, ज्याचा तो रोजचा उद्योग आहे त्याच्याच हातून. वर्गात नको. मुलांना हात लावता येत नाही असा प्रयोग म्हणजे मला विचाराल तर टीव्हीच.

त्यापेक्षा रसायनशास्त्रज्ञांना लाल कोबी द्या, त्याचा रस आम्ल की अल्क ते रंग बदलून सांगतो. २५० ग्रॅम चिरलेला कोबी, एक लिटर गरम पाणी, २० मिनिटं, गाळून घ्या. पाणी शक्यतो डिस्टिल्ड. नळाचं पाणी कधी अल्कधर्मी असतं, मग जांभळ्याऐवजी निळसर रस निघतो आणि सुरुवातच चुकते. रस आदल्या संध्याकाळी करून फ्रिजमध्ये. दोन-तीन दिवसांत तो नासतो आणि त्या वासाने वर्ग रिकामा होतो.

प्रत्येक गटाला सहा खळग्यांचा ट्रे, खळग्यात ५ मिलिलिटर रस. म्हणजे सगळ्यांना मिळून १८० मिलिलिटर, बाकीचा सांडण्यासाठी. लिंबू आणि व्हिनेगर गुलाबी-लाल करतात, खायचा सोडा निळा-हिरवट, साखरेचं पाणी काहीच नाही. आंघोळीच्या साबणाचं पाणी हिरव्याकडे झुकतं, भांड्यांच्या द्रव साबणाने मात्र बहुधा फारसा फरक पडत नाही, कारण तो उदासीनच्या (ना आम्ल, ना अल्क) जवळ बनवतात. "दोन्ही साबणच, मग असं का?" हा प्रश्न पाहुण्यांसाठी राखून ठेवा.

ड्रॉपर प्रत्येक द्रवाला वेगळा, रंगीत पट्टी लावलेला. एकच फिरवला तर तिसऱ्या खळग्यापासून सगळं गढूळ. शेवटी मुलं सगळं एकत्र ओततातच, तेव्हा ती पाच मिनिटं वेळापत्रकात घाला : लिंबाने लाल झालेल्या रसात सोडा चिमटी-चिमटीने, फेस येतो आणि रंग उलटा फिरत जातो. ब्लीच आणि संडास धुण्याची द्रव्यं अजिबात नको. ब्लीच रंग घालवून टाकतं, त्यातून शिकायलाही काही मिळत नाही.

आणि हो, मोठ्यांचे गॉगल लहान चेहऱ्यावर बसत नाहीत, बाजूने फट राहते. इलॅस्टिकचे लहान मापाचे मागवा. मोठ्यांचे हातमोजेही नकोत, बोटांची टोकं लोंबतात आणि त्यानेच जास्त सांडतं.

सावलीघड्याळ

पाहुणे प्रत्यक्ष येऊ शकत नसतील तर व्हिडिओवर बोलावता येतं. सारा मॅकअनल्टी या स्क्विड या समुद्री प्राण्यावर काम करणाऱ्या जीवशास्त्रज्ञांनी २०१७मध्ये स्काइप अ सायंटिस्ट ही वर्ग आणि शास्त्रज्ञ जोडून देणारी खटपट सुरू केली. तत्त्व तेच राहतं : पाहुण्यांनी भाषण करू नये, प्रश्नांना उत्तरं द्यावीत.

यात फसतं ते आवाजाने. पाहुण्यांना वर्गातला गोंगाट ऐकू येतो, प्रश्न नाही. लॅपटॉप पुढे टेबलावर ठेवा, प्रश्न विचारणारं मूल उठून लॅपटॉपपाशी येईल, पुढची दोघं रांगेत. जागेवरून ओरडणं बंद. स्पीकर माइकपासून दूर, नाहीतर घुमतं. आदल्या दिवशी त्याच खोलीत, त्याच वायफायवर दहा मिनिटं चाचणी. पाहुण्यांना सांगा, चेहऱ्यापेक्षा काम करायची जागा दाखवा : बाक, यंत्र, पसारा. मुलांना पसारा आवडतो. अंतराळस्थानकाशी हॅम रेडिओवरून (हौशी लोकांच्या बिनतारी संचावरून) शाळा बोलतात तेव्हा स्थानक डोक्यावरून जाण्याचा वेळ जेमतेम दहा मिनिटं असतो, म्हणून प्रश्न आधी लिहून, क्रम ठरवून, सराव करून घेतात. तीच शिस्त इथे लावली तर अर्ध्या तासात २० प्रश्न होतात.

खगोलवाल्यांसाठी मैदानातला एक प्रयोग : २२ सेंटिमीटरचा चेंडू सूर्य, मग पृथ्वी २ मिलिमीटरची, साडेतेवीस मीटरवर. गुरू २.२ सेंटिमीटर, सुमारे १२३ मीटरवर. मैदान तिथेच संपतं बहुधा. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे पाहुण्यांनी गृहीत धरलेलं असतं पण बोलून दाखवलेलं नसतं. ते तुम्ही बोला.

तासिका

सगळ्यांचे आभार, हा धागा वाचनखूण करून ठेवला. अजून दोन शंका. प्रश्नांच्या वेळी तीच चार मुलं हात वर करतात, त्याचं काय करावं? आणि पाहुण्यांना शाळेत आणताना सुरक्षिततेच्या दृष्टीने काय बघावं?

टिपकागद

दुसरी शंका आधी. पाहुणे कितीही नामवंत असोत, मुलांबरोबर एकटे राहणार नाहीत, वर्गशिक्षिका तासभर वर्गातच. तपासायच्या वह्या घेऊन मागे बसणंही नको, तुम्ही दुसरा हात आहात. फोटोला पालकांची लेखी परवानगी, नसेल तर मुलांचे हात आणि बश्या यांचे फोटो काढा. भेटीनंतरची पत्रं शाळेच्या पत्त्यावरून जातील-येतील, मुलांचा वैयक्तिक संपर्क द्यायचा नाही. व्हिडिओभेट शिक्षकांच्या खात्यावरून.

प्रश्नांसाठी चिठ्ठ्या. चार दिवस आधी प्रत्येकाकडून एक, बिननावाची. ३० चिठ्ठ्यांत दहा-बारा सारख्याच निघतात, त्या एकत्र करा. पाच प्रश्न पाहुण्यांना आधी पाठवा, पाच पाठवू नका. ते पाच कोऱ्या मनाने ऐकलेले बरे, कारण त्यांतल्या एखाद्याला ते "मला माहीत नाही" म्हणतील आणि मग शोधायचं कसं ते बोलून दाखवतील. "तुम्हाला पगार किती" आणि "तुमचा प्रयोग कधी बिघडलाय का" हे गाळू नका, दुसऱ्याला तर सगळ्यात लांब उत्तर मिळतं. विचारताना चिठ्ठी भांड्यातून उचलून ज्याची पाळी येईल त्याने वाचायची, स्वतःची असो वा नसो. हात वर करायचा प्रश्नच येत नाही.

उरलेल्या चिठ्ठ्या फेकू नका. पाकिटात घालून पाहुण्यांना निघताना द्या आणि तीन उत्तरं लिहून पाठवायला सांगा, त्यासाठी तारीख ठरवून घ्या. तारीख नाही घेतली तर पाकीट त्यांच्या टेबलाच्या खणात जातं.

दगडधोंडे

आणि दगडांच्या पिशव्या परत मोजून घ्या. प्युमिस हमखास एक कमी भरतो.